अध्याय अकरावा : कारंजातलं न बोलणारं लेकरू

॥ श्रीगणेशाय नमः ॥
॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



काल आपण श्रीगुरुचरित्राचा दहावा अध्याय पाहिला. चोरांनी मारलेल्या वल्लभेश ब्राह्मणासाठी श्रीपाद श्रीवल्लभ कसे धावून आले, ती कथा. आज अकरावा. हा अध्याय आला की आम्हा कारंजेकरांची छाती जरा फुगतेच, कारण पोथी इथं आमच्या गावात येते. माधव आणि अंबा यांचं घर, नरहरीचा जन्म, त्याची मुंज, सगळं इथलं. वाशीम जिल्ह्यातलं हे गाव महाराष्ट्राला श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत आहे ते याच अध्यायामुळे.

पण खरं सांगतो, गेली काही वर्षं हा अध्याय वाचताना माझा आवाज मध्येच अडतो. दर सप्ताहात अडतो. कशामुळे, ते आज लिहायचं ठरवलं आहे.

आधी कथा.

बाळ जन्मलं आणि रडण्याऐवजी ॐकार उच्चारला. घरात आनंद झाला. जातक पाहणाऱ्यांनी सांगितलं, हा साधासुधा जीव नाही. पण दिवस गेले, वर्ष गेलं, दोन गेली, आणि लेकरू ॐ सोडून दुसरा शब्द काही बोलेना. मग गावानं काय केलं? जे गाव नेहमी करतं तेच. कोणी म्हणालं, मुका आहे. कोणी म्हणालं, कुलदेवतेचा कोप आहे. कोणी उपाय सांगितला की रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घाला. कोणी म्हणालं, याला नीट शिकवलंच नाही. आईबापाचा जीव टांगणीला. सात वर्षं अशी गेली.

मग मुंजीचं वय झालं. आईबाप काकुळतीला आले तेव्हा नरहरीनं खुणेनं दाखवलं : मुंज करा, मग मी बोलेन. माधवानं मुंज मांडली. गावानं तेव्हाही तोंड सोडलंच. मुक्याला गायत्री कशी शिकवणार, एवढा खर्च कशाला, आपल्याला काय, जेवण आणि दक्षिणा तर मिळेल! आणि मग तो प्रसंग. आईनं पहिली भिक्षा घातली तेव्हा मुलाच्या मुखातून ऋग्वेद, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद.

हे वाचताना आपण सगळे त्या तीन भिक्षांकडे धावत जातो. मीही आयुष्यभर धावत गेलो. शाळेत बत्तीस वर्षं मास्तर होतो, निवृत्त झाल्यावर रोज पोथीवर लिहितो, तरी माझं लक्ष चमत्कारावरच. मधली सात वर्षं मी कधी नीट वाचलीच नव्हती. ती मला माझ्या नातवानं वाचायला लावली.

आमचा नातू, घरात त्याला दादू म्हणतात. अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. सायकल आडवी टाकून चाक फिरवत बसायचा, तासन्‌तास. तुरीचे दाणे घेऊन देवघरापासून दारापर्यंत रांग लावायचा, आणि एक दाणा कोणी सरकवला की आकांत. आरतीत घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात. चवड्यांवर चालायचा. आम्ही हसायचो, म्हणायचो, महाराज समाधीत आहेत.

अंगणवाडीच्या ताई एकदा घरी आल्या. म्हणाल्या, "काका, लेकराले एकदा डॉक्टरले दाखवा. बाकीचे पोट्टे कसे खेळतात अन्‌ हा कसा खेळते, फरक हाये."

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हणालो, "ताई, आपल्या कारंजाचे नरहरी सात वर्षं बोलले नाहीत. आमचा कायले घाई करीन? मुंज होऊ द्या."

सगळे हसले. सूनबाई हसली नाही. ती दारात उभी होती.

दत्तभक्तहो, मी पोथीचं वाक्य ढालीसारखं पुढे केलं आणि त्या ढालीमागे दोन वर्षं लपून राहिलो. एवढंच नाही. दर रविवारी पिंपळाचं पान धुऊन त्यावर मी स्वतः दादूला वरणभात भरवला. पान ओलं, गुळगुळीत, त्याला ते हाताला सहन व्हायचं नाही, तो ओरडायचा. मी म्हणायचो, उपाय लागू पडतोय. पुढे एकदा पोथी वाचताना लक्षात आलं की पिंपळाच्या पानाचा उपाय श्रीगुरूंनी सांगितलेलाच नाही. तो गावातल्या टीकाकारांनी सांगितलेला आहे! पोथीत बाळ त्या सगळ्यांचं ऐकून हसतं. चाळीस वर्षं पारायणं करून मी कोणाचं ऐकलं? नरहरीचं नाही. त्याच्या शेजाऱ्यांचं.

इकडे सूनबाईला काय काय ऐकावं लागलं ते मला फार उशिरा कळलं. ग्रहणात बाहेर गेली होती काय. पोटुशी असताना डाळिंब खाल्लं नाही काय. तू मोबाईल पाहत बसते म्हणून लेकरू बोलत नाही. "तुया माहेरी कोनी असं होतं काय वो?" कोणी म्हणालं पोहरादेवीला बोला, कोणी म्हणालं मंगरूळपीरच्या दर्ग्यात धागा बांधा. ती सगळीकडे गेली. कुठलाही देव तिला रागावला नाही. रागावली ती माणसंच.

साडेचार वर्षांचा झाल्यावर, शाळेनं घ्यायला कां-कूं केल्यावर, आम्ही मोठ्या गावी तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन बैठकांत त्याला पाहिलं, आम्हाला पन्नास प्रश्न विचारले आणि सांगितलं, हा ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. सूनबाईनं पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, माझं काय चुकलं?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं काहीच चुकलेलं नाही. हे मी धीर द्यायला सांगत नाही, हे शास्त्र आहे." मग त्यांनी जे सांगितलं आणि पुढे मी मास्तरकीच्या सवयीनं जे वाचून काढलं, ते थोडक्यात मांडतो. आपल्यापैकी कोणाच्या तरी घरात ते लागेल.

1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा 11 मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून या अवस्थेला हे नाव मिळालं. पण पुढची वीसेक वर्षं मोठमोठे विद्वानही म्हणत राहिले की आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं. म्हणजे बघा, आपल्या पारावरचं बोलणं आणि तिकडच्या विद्यापीठातलं बोलणं एकच! दोन्हीकडे बोट आईकडे. हा दोष 1964 साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून खोडायला घेतला. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते.

मग जुळ्यांचा अभ्यास झाला. आता पोथीकडे वळून पाहा. मुंजीनंतर नरहरी संन्यासाला निघाले तेव्हा अंबेनं अडवलं. ते वर्षभर थांबले आणि तिला जुळे मुलगे झाले. एकच माय, एकच घर, तरी प्रत्येक लेकरू वेगळं का, हा प्रश्न त्या घरातही कोणाला पडला असेल. शास्त्रज्ञांनी तोच प्रश्न हातात घेतला. 1977 साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमधल्या 21 जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत तो दोघांनाही निघाला. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकीतही दोघांना नव्हता. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात. म्हणजे मूळ आईच्या मायेत नसून जनुकांत मोठ्या प्रमाणात आहे, हे दिसू लागलं. 2019 साली पाच देशांतल्या सुमारे 20 लाख मुलांच्या नोंदी पाहून केलेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के आला.

आनुवंशिक म्हटलं की आपल्याकडे लगेच खानदान मोजायला सुरुवात होते, सासरचं की माहेरचं. म्हणून हेही नीट ऐका. एका जनुकाचा हा खेळ नाही. 2020 साली एका मोठ्या अभ्यासानं ऑटिझमशी संबंध असलेली 102 जनुकं दाखवली, आणि यादी तिथं संपलेली नाही. पुष्कळ ठिकाणी दोन्हीकडचे बारीकसारीक बदल एकत्र येतात. ते बदल तुमच्याआमच्यातही असतात, कोणाला त्रास देत नाहीत. काही मुलांत बदल अगदी नवा असतो. आईत नाही, बापात नाही, बीज घडतानाच झालेला. तिथं कोणाच्या माहेराला बोलणार? काही थोड्या मुलांत फ्रॅजाइल एक्ससारखं एखादं ठळक कारण तपासणीत सापडतं, पुष्कळांत सापडत नाही. फार लवकर जन्म होणं, गरोदरपणी आईला रुबेला होणं, फिटची काही औषधं, आईबापाचं वाढलेलं वय यांनी शक्यता थोडी वाढते. लसीनं मात्र ऑटिझम होत नाही. 1998 मध्ये तसं सुचवणारा लेख एका नियतकालिकात छापून आला होता, तो 2010 मध्ये त्यांनीच रद्द केला. त्या भीतीनं गोवराची लस चुकवू नका.

हे सगळं ऐकून घरी परतताना गाडीत कोणी बोललं नाही. रात्री मी देवघरात बसलो आणि पोथी उघडली. अकरावा नाही, आठवा अध्याय. कारण अंबेची कथा अकराव्यात सुरू होत नाही, ती आठव्यात सुरू होते.

आठवतं ना? कुरवपूरची अंबिका. तिचा मुलगा मतिमंद. विद्वान बाप त्याला शिकवायचा, येईना म्हणून मारायचा. अंबिका आडवी यायची, म्हणायची, मारू नका. बाप गेला. मायलेकरं भिक्षेवर जगू लागली. लोक त्या पोराला टोचून टोचून बोलायचे, एवढ्या विद्वानाच्या पोटी असा जन्मला म्हणून. शेवटी दोघं जीव द्यायला कृष्णेवर गेली. तिथं श्रीपाद श्रीवल्लभ भेटले. त्यांनी आधी दोघांना थांबवलं, तिचं सगळं ऐकून घेतलं, मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. आणि तिला वर दिला की पुढच्या जन्मी माझ्यासारखा पुत्र होईल.

तीच अंबिका पुढच्या जन्मी कारंजात अंबा झाली. आणि वर खरा झाला तेव्हा तिच्या हाती काय आलं? सात वर्षं न बोलणारं लेकरू!

हे कळलं तेव्हा मी थरारलो. गावानं जे लेकरू पाहून दोष म्हटलं, कोप म्हटलं, ते त्या घरी पुण्याईनं आलं होतं. मग आपण कोणत्या तोंडानं एखाद्या घराला म्हणतो, गेल्या जन्मीचं पाप भोवतंय? पोथी तसं म्हणत नाही. पोथीत तसं म्हणणारे लोक आहेत, आणि पोथीनं ते खोटे ठरवले आहेत.

पण थांबा. इथं दुसरा खड्डा आहे, आणि मी त्यातच पडलो होतो. मी दादूला पापाचं फळ म्हटलं नाही, मी त्याला अवतार म्हटलं. फार गोड वाटतं ते. पण पाप म्हणणारा लेकराकडे पाहत नाही, तसा अवतार म्हणणाराही पाहत नाही. एक उपाय करत बसतो, दुसरा चमत्काराची वाट पाहत बसतो. मधल्या काळात लेकराला पाणी हवं असतं आणि ते सांगता येत नाही.

'स्वमग्न' हा शब्दही आपल्याला चकवतो. ऐकलं की वाटतं, आत्मानंदात बुडालेलं लेकरू. तसं नाही हो. डॉक्टरांनी समजावलं की दादूला आपल्यापेक्षा जास्त ऐकू आल्यासारखं होतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, घंटा, लग्नाचा बँड, सगळं एकदम अंगावर येतं. तो आत बुडालेला नाही, तो बाहेरच्या गलक्यात गुदमरतो. दाण्यांची रांग लावतो कारण निदान तेवढं तरी त्याला हवं तसं जागेवर राहतं.

मग या अध्यायातून घ्यायचं काय? मला जे सापडलं ते सांगतो. तीन भिक्षांच्या आधी एक गोष्ट घडली, तिच्यावर आपण थांबत नाही. नरहरीनं खुणेनं सांगितलं, आणि आईबापांनी ते ऐकलं. शब्द नव्हता. हाताची खूण होती. माधव म्हणाला नाही की आधी नीट बोल, मग बघू. त्या खुणेला त्यानं बोलणं मानलं आणि गाव हसत असताना खर्च करून मांडव घातला. वेद नंतर आले. आधी विश्वास आला.

वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी दादूसाठी चित्रांची कार्डं दिली. पाणी, भात, बाहेर, नको, दुखतंय. मी म्हणालो, कार्डं दिली तर तो बोलायचा आळस करेल. त्या म्हणाल्या, "काका, उलट आहे. सांगता येतं हे एकदा कळलं की सांगायची ओढ वाढते." पाच महिन्यांनी एका दुपारी दादू माझ्यापाशी आला आणि माझ्या हातात 'नको' ठेवलं. मी रेडिओवर अभंग लावले होते. मी रेडिओ बंद केला. तो तिथंच बसला, माझ्या गुडघ्याला पाठ लावून. त्याला अभंग नको होते, मी चाललो असतो. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या नातवाचं म्हणणं ऐकलं.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत फुकट होते. पथक आलं की लेकरू लपवू नका, अंगणवाडीच्या ताईंना माझ्यासारखं उत्तर देऊ नका. दीड-दोन वर्षांत शब्द नाही, बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही, तर आधी कान तपासा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात तो आहे. त्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, त्यात लाज नाही. नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. आणि शाळा तुमच्या लेकराला नाही म्हणू शकत नाही.

आणि ज्यांच्या घरी असं लेकरू नाही त्यांच्यासाठी एकच. अशी माय मंदिरात, लग्नात, एसटीत दिसली आणि तिचं लेकरू ओरडत असलं, तर सल्ला देऊ नका. जागा द्या.

आम्ही आता दादूला गुरुमंदिरात आरतीच्या वेळी नेत नाही. गर्दी नसते अशा वेळी नेतो. तो एकाच खांबाला हात लावत येरझारा घालतो. कोणी विचारलं तर मी सांगतो, हा त्याचा नमस्कार.

येत्या वैशाखात त्याला सात पूर्ण होतील. नातेवाइकांचे फोन सुरू झाले आहेत, मुंज कधी? आवाजात ती आशा असते, मला ती ओळखू येते, कारण ती मीच पेरली होती. त्यांना वाटतं, मांडवात तो बोलेल.

परवा सूनबाई ओटा पुसता पुसता म्हणाली, "बाबा, एक विचारू? मुंज झाल्यावरही नाही बोलला तर?"

मी म्हणालो, "बाई, मुंज करायची का नाही ते तुम्ही दोघं ठरवा. केली तर बँड नाही, घंटा नाही, घरचे दहा जण. अन्‌ नाही बोलला तर नाही बोलला. पहिली भिक्षा तूच घालायची." मग खूप दिवस साठलेलं बोललो, "दोन वर्षं माझ्यामुळे गेली. ग्रहण नाही, तू नाही. मी."

तिनं काही उत्तर दिलं नाही. पदरानं हात पुसले, आणि आतून दादूची कार्डांची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "यात भिक्षेचं कार्ड नाही. तुम्हीच काढून द्या, तुमचं चित्र बरं आहे."

आज पारायण झाल्यावर तेच काढायला बसतो आहे. एक झोळी, एक हात.

उद्या बारावा अध्याय.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥